जगप्रदक्षिणेचे तिकीट: जास्तीत जास्त मैल पदरात पडतील असा मार्ग कसा आखावा?

डॅलसवासी

नमस्कार. मी अकरा वर्षांपासून डॅलसला राहतो आणि दर हिवाळ्यात आईवडिलांना भेटायला पुण्याला येतो. आजवर डॅलस–दोहा–मुंबई आणि त्याच वाटेने परत, असाच प्रवास करत आलो. त्यात जाऊन-येऊन सुमारे १८,७०० मैल होतात. माझे खाते अमेरिकन एअरलाइन्सच्या ॲडव्हान्टेज योजनेत आहे. प्रवासाबद्दल तिथे मैल, म्हणजे पुढच्या तिकिटांसाठी वापरता येणारे गुण, जमा होतात आणि सध्या मी तिथे प्लॅटिनम स्तरावर आहे.

अमेरिकन ही वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या गटात आहे. यंदा त्या गटाच्या वनवर्ल्ड एक्स्प्लोरर या जगप्रदक्षिणेच्या तिकिटाचा विचार मनात आहे. या तिकिटाचे भाडे अंतरावर ठरत नाही, तर तुम्ही किती खंडांत पाऊल ठेवता यावर ठरते. एका तिकिटात सोळा टप्पे बसतात आणि पहिल्या उड्डाणापासून वर्षभर मुदत मिळते. त्यामुळे त्याच भाड्यात जितके लांब फिरावे तितके मैल अधिक, असा माझा सरळ हिशेब आहे. मी आखलेला मार्ग असा: डॅलस–लंडन–दोहा–मुंबई–हाँगकाँग–सिडनी–लॉस एंजेलिस–डॅलस. खर्च बिझनेस क्लासचा धरला आहे. यात अधिक मैल कुठे मिळतील, हे जाणकारांनी सांगावे.

नकाशावेडी

मी शाळेत भूगोल शिकवत असे. माझ्याकडे त्या काळचा एक पृथ्वीगोल आहे. त्यावरचे अरबी समुद्राचे निळे आता पिवळट पडले आहे आणि अक्षाचा खिळा थोडा सैल झाला आहे. तुमचा मार्ग वाचल्यावर मी शिवणाच्या डब्यातला दोरा काढला आणि एकेका शहरावर बोट ठेवत तो गोलावर ताणून पाहिला. मैल मोजले जातात ते दोन विमानतळांमधल्या सर्वांत जवळच्या वाटेने, आणि ती वाट सपाट नकाशावर दिसत नाही, दोऱ्यानेच दिसते.

तुमचा दोरा सिडनीचा एक झोका सोडला तर जवळजवळ सगळा उत्तर गोलार्धातच फिरतो. तुम्ही पृथ्वीला कंबरपट्टा बांधला आहे. शाळकरी मूल दप्तराचा पट्टा एका खांद्यावरून तिरका घेते, तसा हा दोरा तिरका जायला हवा: वर जपान, खाली ऑस्ट्रेलिया, मग चिलीपर्यंत आडवे, तिथून पुन्हा वर. सिडनीहून सान्तियागोला दोरा ताणलात तर तो दक्षिणेला इतका खोल उतरतो की मुलांना मी नेहमी हेच उदाहरण देत असे. तो एकच टप्पा सुमारे ७,०५० मैलांचा आहे.

सोळावा_टप्पा

नकाशावेडी ताईंचे म्हणणे बरोबर आहे, पण दोऱ्याच्या आड नियम येतात, म्हणून ते आधी सांगतो. अटलांटिक आणि प्रशांत हे दोन्ही महासागर एकेकदाच ओलांडायचे आणि एकूण दिशा एकच ठेवायची, पूर्व किंवा पश्चिम. खंडाच्या आत मागेपुढे जाता येते. प्रत्येक खंडात चार टप्पे मिळतात, उत्तर अमेरिकेत सहा. मात्र तिथे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याकडे थेट जाणारे उड्डाण एकदाच घेता येते. जमिनीवरून केलेला प्रवास, म्हणजे एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून पुढचे विमान पकडणे, हाही एक टप्पा खातो. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आखाती देश या तिकिटाच्या हिशेबात युरोपाच्या गटात मोडतात, भारत आणि श्रीलंका आशियात. म्हणून दोहाला थांबल्याने खंड वाढत नाही. इजिप्तही त्याच गटात आहे, आफ्रिकेत नाही.

ठाणेकर_शरद

महत्त्वाचा प्रश्न कुणी विचारला नाही. सुरुवात डॅलसहूनच का? या तिकिटाचे भाडे सुरुवातीच्या देशावर अवलंबून असते आणि दोन देशांच्या भाड्यांत चकित व्हावे इतका फरक पडतो. या छंदातली माणसे कैरो, जोहान्सबर्ग, ओस्लो, टोकियो, कोलंबो अशी भाडी आधी ताडून पाहतात आणि मगच नकाशा उघडतात. विनिमय दर बदलला की क्रम बदलतो, म्हणून भाडे त्याच आठवड्यात पाहावे.

भारतातली एकही विमान कंपनी वनवर्ल्डमध्ये नाही. किंगफिशर २०१२ साली येणार होती, ते राहून गेले. श्रीलंकन एअरलाइन्स मात्र २०१४ पासून सदस्य आहे आणि मुंबई–कोलंबो हे अंतर जेमतेम ९५० मैलांचे आहे. दर वर्षी पुण्याला येणाऱ्या माणसाला कोलंबो म्हणजे घराच्या ओसरीसारखे आहे. तिथून निघा.

डॅलसवासी

शरदराव, कोलंबोहून निघायचे तर आधी डॅलसहून तिथे पोहोचायला वेगळे तिकीट काढावे लागेल. मग त्यात फायदा काय उरला?

ठाणेकर_शरद

सांगतो. साठलेल्या मैलांवर एकदाच एकेरी तिकीट काढून पुण्याला या. आईवडिलांकडे राहा आणि परतताना कोलंबोहून जगप्रदक्षिणेला सुरुवात करा. जपान, ऑस्ट्रेलिया, चिली करत डॅलसला पोहोचा आणि कामावर रुजू व्हा. तिकीट अर्धेच वापरलेले असेल आणि त्याला वर्षाची मुदत आहे. पुढच्या हिवाळ्यात डॅलसहून लंडन, दोहा करत पुन्हा घरी या. म्हणजे दोन वर्षांच्या दोन भेटींचा प्रवास एकाच तिकिटात बसतो. ज्या वाटेने तुम्ही एरवीही येणारच होता, तीच वाट यात कामी येते. मी याला चूल न बदलता स्वयंपाक वाढवणे म्हणतो.

मेलबर्नची_माई

हे मी स्वतः केले आहे, मेलबर्नहून. दोन सुट्ट्यांच्या मध्ये तिकीट आठ महिने पडून होते. पुढच्या उड्डाणांच्या तारखा एकदा बदलल्या, त्याला अडचण आली नाही. मार्ग बदलायचा असेल तर शुल्क पडते, म्हणून शहरे नीट ठरवावीत, तारखांची फार काळजी करू नये.

हिशेबनीस

आतापर्यंतच्या सूचना एकत्र करून अंतरे मांडतो. आकडे पूर्णांकात, सुमारे.

कोलंबो–नारिता (टोकियोचा विमानतळ) ४,२७०, नारिता–हाँगकाँग १,८४०, हाँगकाँग–पर्थ ३,७४०, पर्थ–सिडनी २,०४०, सिडनी–सान्तियागो ७,०५०, सान्तियागो–डॅलस ४,८९०. डॅलसपर्यंत सहा टप्प्यांत २३,८३० मैल झाले.

पुढे डॅलस–सिॲटल १,६६०, सिॲटल–मायामी २,७२०, मायामी–लंडन ४,४२५, लंडन–दोहा ३,२५५, दोहा–मुंबई १,४२५, मुंबई–कोलंबो ९५०. हे १४,४३५ मैल. बारा टप्पे, पाच खंड, एकूण ३८,२६५ मैल. विषुववृत्ताचा घेर २४,९०१ मैल आहे, त्याच्या दीडपटीहून अधिक.

हाँगकाँगहून थेट सिडनीला गेलात तर ४,५८० मैल, पर्थवरून गेलात तर ५,७८०. एका टप्प्याच्या मोबदल्यात बाराशे मैल. अशी अडनिडी वळणेच या तिकिटात खरी किमती आहेत.

सोळावा_टप्पा

सुरेख मांडणी. फक्त एक दुरुस्ती. सुरुवातीच्या खंडात दोनच मुक्काम करता येतात आणि मुक्काम म्हणजे चोवीस तासांपेक्षा जास्त थांबणे. म्हणून टोकियो आणि मुंबई हे मुक्काम ठेवून हाँगकाँगला चोवीस तासांच्या आत पुढचे विमान घ्यावे.

मुंबई–कोलंबो हा शेवटचा टप्पा ठेवला आहे ते फारच चांगले झाले. पुण्यात भेट आटोपली की त्याच टप्प्याने कोलंबोला जायचे आणि तिथून पुढच्या वर्षीचे नवे तिकीट सुरू करायचे. साखळी जुळते.

खातेवही

मला सगळ्यांना थोडे थांबवायचे आहे. ३८,२६५ हे मैल विमान उडते ते आहेत, खात्यात जमा होतात ते नव्हेत. या दोन आकड्यांत मी स्वतः फसलो होतो, म्हणून कळकळीने लिहितो.

प्रत्येक तिकिटावर आरक्षणाचे एक अक्षर असते. या जगप्रदक्षिणेच्या तिकिटात इकॉनॉमीला एल, बिझनेसला डी आणि फर्स्टला ए. मैल देणारी प्रत्येक योजना प्रत्येक भागीदार कंपनीसाठी तक्ता छापते आणि कोणत्या अक्षराला अंतराच्या किती टक्के मैल ते त्यात असते. बिझनेसच्या डी अक्षराला सहसा पूर्ण अंतर आणि वर काही भर मिळते. इकॉनॉमीच्या एल अक्षराला बऱ्याच तक्त्यांत अर्धे किंवा त्याहूनही कमी. म्हणजे हाच मार्ग इकॉनॉमीत केला तर ३८,००० चे १९,००० देखील होतील की नाही, सांगता येत नाही. इतके सगळे फिरून डॅलस–मुंबई सरळ प्रवासाइतकेच अंतर हाती लागेल.

दुसरी गोष्ट अशी की अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या विमानांवर अंतराचा हिशेब केव्हाच सोडला. डेल्टा आणि युनायटेडने २०१५ साली, अमेरिकनने ऑगस्ट २०१६ पासून. आता त्यांच्या उड्डाणांवर मैल मिळतात ते मोजलेल्या पैशांवर. भागीदारांच्या उड्डाणांवर मात्र अंतर अजून चालते. म्हणून मायामी–लंडनसारख्या टप्प्यावर दोन्ही कंपन्यांची विमाने असतील तेव्हा दोन्ही तक्ते शेजारी मांडून ब्रिटिश एअरवेजचे घ्यायचे की अमेरिकनचे, ते ठरवावे. खाते आधी ठरते, विमान नंतर.

डॅलसवासी

हे मला खरोखरच ठाऊक नव्हते. माझ्या प्लॅटिनम स्तरावर मूळ मैलांच्या ६० टक्के भर मिळते. मग डी अक्षराला निदान पूर्ण अंतर धरले तर ३८,२६५ चे सुमारे ६१,२०० होतात ना?

खातेवही

होय, सगळे टप्पे अंतरावर मोजले गेले तर. सान्तियागो–डॅलस अमेरिकनच्याच विमानाने होणार, तेवढा आकडा वेगळा काढा. आणि तुमच्या योजनेचे वर्ष १ मार्चला सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपते हे विसरू नका. प्लॅटिनम टिकवायला वर्षभरात ७५,००० लॉयल्टी पॉइंट्स, म्हणजे स्तर ठरवणारे गुण, लागतात, त्याच्या वरच्या पायरीला १,२५,०००. तुमचा पूर्वार्ध जानेवारीत आणि उत्तरार्ध डिसेंबरात झाला तर दोन्ही अर्धे दोन वेगळ्या वर्षांत पडतील आणि कोणत्याच वर्षी पायरी चढता येणार नाही. पूर्वार्ध मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू करता आला तर पाहा.

पश्चिमवारा

दिशेविषयी कुणी बोलले नाही. मैल दोन्हीकडून सारखेच, तास मात्र सारखे नसतात. वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून पूर्वेला जाणारी विमाने लवकर पोहोचतात. सिडनीहून सान्तियागोला साडेबारा तासांच्या आसपास लागतात, परत येताना तास-दीड तास अधिक. तुमचा मार्ग पूर्वेकडचा आहे, तेव्हा खुर्चीत बसण्याच्या प्रत्येक तासाला अधिक मैल पडतात.

शिवाय तारीखरेषा मध्ये येते. सिडनीहून दुपारी निघालात की सान्तियागोला त्याच तारखेची सकाळ असते. मी त्या दिवशी दोनदा न्याहारी केली आणि दोन्ही वेळा भूक होती.

सुलभा_आजी

झोपेचे काय? पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो आणि शरीराला ते जड जाते. पश्चिमेकडे दिवस लांबतो, ते सोसते. माझ्या वयाच्या माणसाने मैलांपेक्षा गुडघ्यांचा हिशेब आधी करावा.

प्रदक्षिणा म्हणायचे तर ती उजव्या हाताला देव ठेवून घालतात. उत्तर ध्रुवावरून खाली पाहिले तर पृथ्वीची अशी प्रदक्षिणा पश्चिमेकडे जाणारी ठरते, हे जाता जाता सांगते.

पश्चिमवारा

सुलभाताई, हे मला कधीच सुचले नव्हते. मान्य आहे.

जुना_प्रवासी

या कल्पनेचे मूळ फार जुने आहे. पॅन ॲम कंपनीने जून १९४७ मध्ये न्यूयॉर्कहून जगाला वळसा घालणारी नियमित सेवा सुरू केली आणि ते पहिले विमान पूर्वेकडे जाताना कराचीला आणि कलकत्त्यालाही उतरले होते. ही सेवा १९८२ पर्यंत चालली. तेव्हा एकच कंपनी सगळी फेरी करत असे. आता एकेका कंपनीला ते परवडत नाही, म्हणून गट झाले: स्टार अलायन्स १९९७ मध्ये आणि वनवर्ल्ड १९९९ मध्ये. मैल देण्याची अमेरिकनची योजना मात्र त्याही आधीची, मे १९८१ ची.

पूर्वी या तिकिटावर सान्तियागोहून ईस्टर बेटावर जाता येत असे आणि मैल गोळा करणारे ते बेट आवर्जून घालत. लाताम कंपनी मे २०२० मध्ये वनवर्ल्डमधून बाहेर पडली आणि ती वाट बंद झाली. मला त्याची हळहळ वाटते, कारण मी ते पुढच्या वेळेसाठी ठेवले होते.

नागपूरची_संत्री

स्टार अलायन्सचा विचार का नाही? एअर इंडिया जुलै २०१४ पासून त्यात आहे. कोलंबोला जायचा द्राविडी प्राणायाम वाचेल.

सोळावा_टप्पा

भारतात राहणाऱ्यासाठी विचार करण्याजोगे आहे, परंतु तिथला हिशेब उलटा आहे. स्टारच्या तिकिटात भाडे अंतराच्या पायऱ्यांवर ठरते: २९,०००, ३४,००० किंवा ३९,००० मैल. तिथे प्रत्येक वळण पायरीतून वजा होते. त्यामुळे ३८,९०० वर येऊन थांबायची कसरत करावी लागते. वनवर्ल्डमध्ये खंड ठरला की अंतर मोकळे असते. डॅलसवासींचे खाते अमेरिकनमध्ये आणि घर अमेरिकनच्या मुख्य तळाच्या गावात आहे, त्यांनी गट बदलू नये.

टिटवाळा_लोकल

बारा टप्पे झाले, चार उरले. सिडनी–ऑकलंड–सिडनी टाकले तर २,६८० मैल वाढतील, लंडन–हेलसिंकी–लंडन टाकले तर आणखी २,३००. मग ४३,००० च्या वर जाल. उरलेले टप्पे फुकट का घालवायचे?

मेलबर्नची_माई

माझा याला विरोध आहे. ऑकलंडला दोन दिवस राहून बेट पाहणार असाल तर जरूर जा. केवळ विमानतळाला शिवून परत यायचे असेल तर प्रत्येक टप्प्यावर कर पडतात, शरीर शिणते आणि एखादे उड्डाण रद्द झाले तर पुढची सगळी माळ तुटते. एक-दोन टप्पे हाताशी मोकळे असावेत. मला ते कामी आले आहेत.

हिरवा_माळ

मीही एक बोलतो. केवळ आकड्यासाठी उडवलेल्या प्रत्येक हजार मैलांमागे इंधन जळते. डॅलसवासी आईवडिलांना भेटायला येत आहेत आणि वाटेत जग पाहत आहेत, त्याला माझा आक्षेप नाही. हेलसिंकीला जाऊन त्याच दिवशी परत येण्याला आहे.

टिटवाळा_लोकल

तुमचे दोघांचे पटले. ऑकलंड आवडीवर सोडू आणि हेलसिंकी काढू.

शेवटचे_गेट

व्यवहाराच्या गोष्टी सांगते. डॅलसवासी भारतीय पारपत्रावर असतील तर जपान, ऑस्ट्रेलिया, चिली, ब्रिटन यांचे व्हिसाचे नियम तिकिटाआधी तपासावेत. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी देशात प्रवेश करावाच लागतो. सान्तियागोहून डॅलसला उतरताना पारपत्रातला कामाचा व्हिसा चालू हवा, नाहीतर पूर्वार्धातच गाडी अडेल.

लंडनला चोवीस तासांपेक्षा जास्त थांबलात तर ब्रिटनचा प्रवासी कर लागतो आणि बिझनेसला तो चढा असतो. चोवीस तासांच्या आत पुढचे विमान घेतले तर तो वाचतो.

आता माझा अनुभव. आपल्या पारपत्रावर नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. मैलांच्या खात्यात मी फक्त माझे नाव आणि आडनाव लिहिले होते. बोर्डिंग पासवर माझे नाव आणि पतीचे नाव मध्ये जागा न सोडता एकाला एक चिकटून छापले गेले होते. दोन कंपन्यांच्या पाच उड्डाणांचे मैल नाव जुळत नाही म्हणून आलेच नाहीत. शिवाय एका कंपनीने रद्द झालेल्या विमानाऐवजी दुसऱ्यात बसवताना आरक्षणाचे अक्षर बदलले आणि तिथेही मैल कमी पडले. मी सगळे बोर्डिंग पास स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागच्या खिशात ठेवले होते, दुधाच्या आणि वाण्याच्या बिलांबरोबर. त्यांची छायाचित्रे आणि मूळ तिकिटाची प्रत पाठवून सात आठवड्यांनी ते मैल मिळाले. पास फेकले असते तर सुमारे १४,००० मैल गेले असते.

खातेवही

शेवटचे गेट यांची पोस्ट छापून ठेवावी अशी आहे. विमान बदलून देतात तेव्हा खिडकीवरच विनंती करावी की मूळ आरक्षणाचे अक्षर तिकिटावर कायम ठेवा. मागून पत्रव्यवहार करण्यापेक्षा ते सोपे असते.

नकाशावेडी

एक विचारते. आफ्रिका राहिली. लंडन–जोहान्सबर्ग–दोहा असा दोरा ताणला तर?

हिशेबनीस

ताई, लंडन–जोहान्सबर्ग ५,६३५ आणि जोहान्सबर्ग–दोहा ३,८७५, म्हणजे ९,५१० मैल. थेट लंडन–दोहापेक्षा सुमारे ६,२५० मैल अधिक. पण पाचाचे सहा खंड होतात आणि भाडे एक पायरी चढते. दोन भाड्यांतला फरक ६,२५० ने भागून मैलाला काय पडते ते पाहावे, आणि तेवढ्या किमतीला मैल सरळ विकत मिळत असतील तर आफ्रिका मैलांसाठी नको, आफ्रिकेसाठी करावी.

डॅलसवासी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हिशेबनीसांचे बारा टप्पे आरक्षणाच्या साधनात भरून पाहिले, ते स्वीकारले गेले. कोलंबोहून सुरुवात, तीही ४ मार्चला, म्हणजे दोन्ही अर्धे ॲडव्हान्टेजच्या एकाच वर्षात येतील. ऑकलंड घेतले आहे, कारण पत्नीची मावसबहीण तिथे राहते आणि आम्ही चार दिवस तिच्याकडे उतरणार आहोत. चौदा टप्पे झाले, दोन मोकळे ठेवले. आफ्रिका या वेळी नाही. खात्यातले नाव पारपत्राप्रमाणे करून घेण्याचा अर्ज आज सकाळी पाठवला.

एकच अडचण उरली आहे. मुंबई–कोलंबो वेगळ्या तिकिटावर आहे आणि कोलंबोहून नारिताचे विमान त्याच संध्याकाळचे आहे. पहिले विमान उशिरा पोहोचले तर?

ठाणेकर_शरद

वेगळ्या तिकिटावर त्याच दिवशी कधीही जाऊ नका. दुसरे विमान तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि पहिला टप्पा चुकला तर पुढची तेरा आरक्षणे धोक्यात येतील. आदल्या दिवशी जा, नेगोम्बोला समुद्राकाठी रात्र काढा. विमानतळ तिथून जवळ आहे.

डॅलसवासी

तीन तारखेचे तिकीट घेतले.